यादवीचा साक्षीदार

नाशिकच्या द्वारका चौकातून आपण नित्य ये-जा करतो. द्वारका म्हटले की यादवांचा शेवट आठवतो. आपसांतील युद्धाला मराठीने ‘यादवी’ हे नाव दिले ते त्यावरूनच. त्या संहाराची वार्ता हस्तिनापुरास नेली ती श्रीकृष्णाचा सारथी दारुक याने. यादवी कशी संपली हे सांगावयास कोणी तरी जिवंत उरावा लागतो. परंतु असा मनुष्य बहुधा कोणत्या तरी एका पक्षाचा असतो. मग त्याची साक्ष मानावी कशी? ‘नो फायर झोन’ या अनुबोधपटाच्या निमित्ताने हा प्रश्न आम्हांस मांडावयाचा आहे.

श्रीलंकेतील यादवी १९८३ साली पेटली आणि मे २००९ मध्ये संपली. कॅलम मॅक्रे यांच्या २०१३ सालच्या या पटात तिचे अखेरचे १३८ दिवस आहेत. जानेवारी २००९ मध्ये सरकारने एक प्रदेश गोळीबारापासून मुक्त म्हणून जाहीर केला. लोक तेथे आश्रयास गेले आणि तोफगोळे तेथेच पडले. दुसरीकडे, तमिळ वाघांनी पळू पाहणाऱ्या आपल्याच लोकांवर गोळ्या झाडल्या. ४०,००० पर्यंत नागरिक मेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २०११ साली म्हटले.

स्वतंत्र वार्ताहरांस रणभूमीवर मज्जाव होता. म्हणून या पटातील बरेच चित्रण दोन प्रकारच्या हातांनी झाले आहे: काही आत कोंडल्या गेलेल्या लोकांनी केलेले, तर काही विजयाची खूण म्हणून सैनिकांनीच फोनवर टिपलेले. कैद्यांना गोळ्या घातल्याची चित्रफीत सरकारने बनावट ठरविली. तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने शस्त्रे, जखमा व चित्रफिती या तिन्ही विषयांचे जाणकार बसविले आणि ती अस्सल दिसते, असा निर्वाळा २०१० साली मिळाला. साक्षीदार पक्षपाती असला तरी त्याची साक्ष पारखता येते, ती अशी.

आपल्याकडे मात्र २०१४ साली चित्रपट प्रमाणन मंडळाने या पटास प्रमाणपत्र नाकारले. शेजारी देशाशी मैत्री बिघडेल, हे त्याचे एक कारण. दिग्दर्शकाने मग तो भारतीयांसाठी इंटरनेटवर विनामूल्य खुला केला. शेजाऱ्याशी मैत्री हवी, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु साक्षीदाराची उलटतपासणी करावी. त्याचे तोंड बांधू नये. दारुकास वाटेतच अडविले असते, म्हणून यादव जिवंत झाले नसते.