‘कायमचं फुकट’ म्हणजे किती दिवस?

आपल्या कार्यक्रमाला फोन येतात ते बहुतेक कर्जाबद्दल, रेशनबद्दल, नाहीतर दवाखान्याबद्दल. या वेळी एका गटाच्या सचिव ताईंनी वेगळंच विचारलं. त्यांच्या गटाने हिशोबाचं एक ॲप विकत घेतलं होतं. एकदाच पैसे भरा, पुढच्या सगळ्या सुधारणा फुकट, असं तेव्हा सांगितलं होतं. आता ॲप उघडलं की ‘वर्षाची वर्गणी भरा’ अशी पाटी येते आणि जुन्या नोंदी दिसत नाहीत. ताईंचा प्रश्न सरळ होता: दिलेला शब्द असा फिरवता येतो का?

आधी हे होतं कसं ते समजून घेऊ. समजा, गावात नवी पिठाची गिरणी निघाली. मालक म्हणाला, पहिल्या पन्नास घरांना दळण कायमचं फुकट. आपण जुनी गिरणी सोडली, घरातलं जातं काढून टाकलं. पाच-सहा वर्षांनी जुनी गिरणी बंद पडली, आणि मग नव्या मालकाने दर लावला. तरी गिरणीच्या बाबतीत एक सोय आहे. डबा डोक्यावर घेऊन शेजारच्या गावाला जाता येतं. ॲपमध्ये आपला डबाच त्यांच्याकडे राहिलेला असतो. आपल्या नोंदी, आपले फोटो, आपली पत्रं, सगळं त्यांच्या कोठारात. म्हणून तर बाई पैसे भरते.

हे फक्त छोट्या कंपन्या करतात असं नाही. गूगलचंच उदाहरण घ्या. 2006 साली गूगलने संस्थांसाठी, छोट्या धंद्यांसाठी एक सेवा काढली. आपल्या संस्थेच्या नावाचा ईमेल पत्ता, कॅलेंडर वगैरे सगळं फुकट. जे या चाचणीच्या काळात येतील त्यांना त्या काळात घेतलेल्या खात्यांसाठी कधीच पैसे भरावे लागणार नाहीत, असं कंपनीने जाहीर केलं होतं. मात्र त्याच वाक्यात एक शेपूट होतं: ‘जोपर्यंत आम्ही ही सेवा देत आहोत तोपर्यंत’. डिसेंबर 2012 मध्ये नव्या लोकांना फुकट घेणं बंद झालं. जुन्यांचं तसंच चालू राहिलं. मग जानेवारी 2022 मध्ये जुन्यांनाही सांगितलं गेलं, आता पैसे भरा. कित्येकांनी दहा-पंधरा वर्षं तोच पत्ता बँकेत, विम्यात, शाळेत दिलेला. तो सोडायचा कसा? जगभरातून लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा काही महिन्यांनी कंपनीने सांगितलं की घरगुती वापर करणाऱ्यांचं फुकट राहील. धंद्यासाठी वापरणाऱ्यांना मात्र पैसे भरावेच लागले.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे गूगल फोटोज. 2015 मध्ये ते सुरू झालं तेव्हा थोडा आकार कमी करून कितीही फोटो ठेवा, पैसे नाहीत, असं होतं. 1 जून 2021 पासून ते संपलं. त्याआधी त्या आकारात ठेवलेले फोटो मोजत नाहीत, पण त्यानंतरचा प्रत्येक फोटो आपल्या 15 जीबीत मोजला जातो. आणि ही जागा फोटो, ईमेल, कागदपत्रं सगळ्यांची मिळून एकच. ती भरली की ईमेल यायचाही थांबतो. लग्नाचे व्हिडिओ भरले म्हणून बँकेचं पत्र आलं नाही, असं होऊ शकतं. ‘स्टोरेज फुल’ असं दिसलं की आपण समजतो फोन भरला. पुष्कळदा फोन नसतो भरलेला, गूगलची जागा भरलेली असते. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता उलट बाजूचंही सांगायला हवं. सॉफ्टवेअर एकदा बनवलं की काम संपत नाही. नवीन फोन येतात, चोरांचे नवे डाव येतात, त्यासाठी दुरुस्ती करत राहावी लागते आणि आपला डेटा ठेवायला रोजचा खर्च येतो. एकदाच पैसे घेऊन वीस वर्षं पुरवणं खरोखर कठीण आहे. नवं काही दिलं आणि त्याचे पैसे मागितले, तर आम्हाला त्यात वावगं वाटत नाही. पण हा खर्च कंपनीला पहिल्या दिवशीही माहीत असतो. गिऱ्हाईक गोळा करताना ‘कायमचं’ म्हणायचं आणि गोळा झाल्यावर खर्चाकडे बोट दाखवायचं, याला आम्ही फसवणूकच म्हणू.

आणि बोललं तर फरक पडतो. नोटॅबिलिटी नावाचं टिपणं काढायचं एक ॲप आहे, ॲपलच्या फोन-टॅबवर चालतं. लोकांनी ते एकदाच पैसे भरून घेतलं होतं. नोव्हेंबर 2021 मध्ये कंपनीने जाहीर केलं की जुन्या गिऱ्हाइकांनाही एक वर्षानंतर वर्गणी भरावी लागेल. लोक चिडले. आधी पैसे घेऊन दिलेली मुख्य कामं वर्गणी सुरू करताना काढून घेऊ नयेत, हा ॲपलचा नियमही लोकांनी दाखवून दिला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच कंपनीने माफी मागितली आणि जुन्यांची सोय कायम ठेवली.

आपल्याकडे काय आधार आहे? 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा. त्यात दिशाभूल करणारी जाहिरात हा तक्रारीचा विषय आहे. पण एक लक्षात ठेवा, कायद्यात ग्राहक म्हणजे मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणारी व्यक्ती. ज्या ॲपला आपण रुपयाही दिला नाही, तिथे हा आधार लंगडा पडतो. सचिव ताईंनी पैसे भरले होते, म्हणून त्यांची बाजू भक्कम आहे, फक्त पावती हवी. 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲप आणि वेबसाइटवरच्या 13 फसव्या युक्त्यांची यादीही काढली. एक दाखवून दुसरंच गळ्यात मारणं आणि वर्गणीत अडकवून बाहेर पडू न देणं, या दोन्ही युक्त्या त्या यादीत आहेत.

वर्गणी आपोआप कापली जात असेल तर यूपीआयच्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’ शोधा. कोणाला परवानगी दिली आहे ते तिथे दिसतं आणि ती रद्दही करता येते. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी मेसेज आला पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बऱ्याच बायका तो मेसेज जाहिरात समजून पुसून टाकतात. ॲप फोनमधून काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबली असंही नाही, ती वेगळी थांबवावी लागते.

गटांनी एक काम मात्र आजच करावं असं आम्हाला वाटतं. हिशोबाच्या ॲपमध्ये ‘एक्सपोर्ट’ किंवा ‘डाउनलोड’ असं बटण आहे का ते बघा. असेल तर दर महिन्याच्या बैठकीनंतर सगळ्या नोंदी पीडीएफ नाहीतर एक्सेलमध्ये उतरवून घ्या, अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या फोनवर ठेवा. असं बटणच नसेल तर ते ॲप कितीही फुकट असलं तरी घेऊ नका. कागदाची वही बंद करायची घाई तर अजिबात नको. बँकेचा माणूस आला की तो आधी वहीच मागतो, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

ज्यांचं आधीच अडलं आहे त्यांनी ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करावा. फोन लावण्याआधी तीन गोष्टी हाताशी ठेवा: पैसे भरल्याची पावती किंवा बँकेचा मेसेज, ‘कायमचं’ असं लिहिलेली जाहिरात किंवा तिचा फोटो, आणि आता पैसे मागणाऱ्या पाटीचा स्क्रीनशॉट. तक्रारीचा नंबर मिळेल, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.