शरीरातील घड्याळ आणि दिवसाची आखणी

पांढुर्णा व सौंसर तहसिलींतील एकाच घरात आजी कोंबडा आरवण्यापूर्वी उठते, तर नातवाचा अभ्यास रात्री अकरानंतर रंगतो. यास आळस म्हणू नये. मेंदूत सुमारे चोवीस तासांचे घड्याळ असते. फलमाशीवरील प्रयोगांतून अशा घड्याळाची रेणवीय यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. किशोरवयात हे घड्याळ मागे पडते, उतारवयात पुढे सरकते. सुटीत कोणी न उठविता जाग येते, ती वेळ आपली प्रकृती सांगते. अवघड काम त्या मानाने योजावे. सकाळच्या उन्हात चालल्यास घड्याळ थोडे पुढे आणता येते. मात्र संत्राबागेच्या ओलितासाठी रात्र जागलेल्या शेतकऱ्याने, प्रकृती कोणतीही असो, झोप पुरी झाल्याविना फवारणी वा कडबाकुट्टीचे काम हाती घेऊ नये.