अडकित्ते, चिमण्या आणि हिरवे चौकोन

रविवारी सकाळी शहरातल्या चार घरांत डोकावलं, तर विरंगुळ्याचा पसारा केवढा वाढलाय ते दिसेल. कुणी तीन-तीन मिनिटांचे बुद्धिबळाचे डाव खेळतंय, कुणी टेकडीवर धावून आल्यावर मनगटी घड्याळातलं अंतर स्ट्रावावर चढवतंय. कुणी डुओलिंगोवर कोरियन गिरवतंय, कारण मालिका पाहून पाहून कान त्या भाषेला सरावलेत. कुणी कुंडीत आपोआप उगवलेल्या रोपाचा फोटो आयनॅचरलिस्टवर टाकून त्याचं नाव विचारतंय, तर कुणी पहाटेच लोहगडाच्या वाटेला लागलंय. ‘मोबाइल आला आणि छंद मेले’ ही तक्रार त्यामुळे टिकत नाही. छंद वाढलेत, आणि आपल्या गावात त्याच नादाचं दुसरं कुणी नसलं तरी आता अडत नाही. बदललंय ते निराळंच. यातल्या जवळजवळ प्रत्येक छंदाला एक आकडा चिकटलाय: सलग किती दिवस, किती किलोमीटर, किती किल्ले, किती लाइक. हा आकडा छंदाचं काय करतो ते पाहायचं, तर गुण आणि नोंद या दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. ‘मी कसा’ हे गुण सांगतात. ‘समोर काय होतं’ हे नोंद सांगते. छंद जगतो तो नोंदीवर. गुण सोबतीला असले तर हरकत नाही, पण ते डोक्यावर बसले की छंद आतून पोकळ होतो, असं माझं म्हणणं आहे.

वर्डलचं उदाहरण घेऊ. जॉश वॉर्डल या प्रोग्रॅमरने पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखण्याचा हा खेळ आपल्या जोडीदारासाठी बनवला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वांना खुला केला. १ नोव्हेंबरला तो खेळणारे ९० जण होते. २ जानेवारी २०२२ ला तीन लाखांच्या वर गेले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. मधल्या काळात काय घडलं? डिसेंबरमध्ये आपला निकाल हिरव्या-पिवळ्या चौकोनांत इतरांना पाठवायची सोय झाली. युक्ती झकासच होती, कारण उत्तर न फोडता आपली कामगिरी दाखवता येत होती. पण त्या चौकोनांत शब्दच नसतो. शब्दाच्या खेळातून जे चारचौघांत फिरतं, त्यात एकही अक्षर नाही; फक्त मला किती प्रयत्न लागले तेवढं आहे. डुओलिंगोची सलग दिवसांची ‘स्ट्रीक’ याच्याही पुढे जाते. एखादा दिवस चुकला तर ती तुटू नये म्हणून ॲपमधल्याच रत्नांच्या बदल्यात ‘स्ट्रीक फ्रीझ’ मिळतं. म्हणजे त्या दिवशी भाषेचा एक शब्द शिकला नाही तरी आकडा शाबूत राहतो. सवय लागायला असा आकडा मदत करतो, हे खरं. सुरुवातीच्या महिनाभरात तो काठीसारखा उपयोगी पडतो. पण वर्षभराने माणूस रात्री पावणेबाराला सर्वांत सोपा धडा उरकून झोपू लागला, तर तो भाषा शिकत नसून काठी सांभाळत असतो.

याउलट नुसत्या नोंदीवर उभा राहिलेला छंद कुठवर जातो, हे पुण्यात बाजीराव रस्त्याजवळ पाहायला मिळतं. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे काका केळकर, यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. त्यांनी जमवलेले अडकित्ते, दिवे, वज्री, स्वयंपाकघरातली भांडी, दरवाजे, वाद्यं हे सगळं त्या काळात घरोघरी होतं आणि म्हणूनच कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभं केलं, आणि १९७५ मध्ये तो सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. आज तिथे वीस हजारांवर वस्तू आहेत. अडकित्ता सुपारी कातरण्यासाठी असतो, पण त्याला मोराचा, घोड्याचा, माणसाचा आकार द्यावासा कुणाला तरी वाटला, हे आपल्याला कळतं ते एका माणसाने शेकडो अडकित्ते शेजारी शेजारी ठेवले म्हणून. एकटा अडकित्ता गंमत असतो. शंभर अडकित्ते पुरावा होतात.

इंटरनेटने या संग्राहक वृत्तीचं नुकसान केलं असं म्हणणाऱ्यांनी पक्षीनिरीक्षकांकडे पाहावं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशाळेने ऑड्युबॉन संस्थेसोबत २००२ मध्ये ई-बर्ड सुरू केलं. त्याची रीत साधी आहे: कुठे उभे होतात, किती वाजता, किती वेळ, कोणते पक्षी आणि किती, एवढं भरायचं. पण शेवटी एक प्रश्न येतो, आणि सगळी मेख त्यातच आहे: ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही या यादीत लिहिलेत का? उत्तर ‘हो’ असेल, तर त्या यादीत जे नाही तेही बोलू लागतं. स्वर्गीय नर्तक दिसला म्हणून लिहिणारा हौशी माणूस कावळा-चिमणी गाळतो. इथे कावळा-चिमणी लिहिण्यालाच मोल आहे. अशा नोंदींच्या आधारे २०२३ चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवाल तयार झाला. त्यासाठी ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी वापरल्या, ९४२ जातींचा आढावा घेतला आणि १७८ जाती तातडीने जपायला हव्यात असं ठरवलं. एवढी माणसं पगारावर नेमणं कुठल्याच खात्याला जमलं नसतं. चिमणीचंच पाहा. मोबाइलच्या मनोऱ्यांनी चिमण्या संपवल्या, हे वाक्य इतक्या वेळा ऐकलेलं असतं की ते तपासावंसंही वाटत नाही. याच मालिकेतल्या २०२० च्या अहवालाने दाखवलं, की मोठ्या महानगरांत चिमण्या घटल्यात, पण देशभराचा विचार करता पंचवीस वर्षांत त्यांची संख्या साधारण स्थिर आहे. हळहळ आणि माहिती यांत किती अंतर असतं ते या एका पक्ष्याने दाखवलं.

यावर आक्षेप येईल, की ई-बर्डवरही क्रमवारी असते. जिल्ह्यात सर्वाधिक जाती कुणी पाहिल्या याची यादी लागते, आणि नवा ‘लाइफर’, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेली जात, मिळावा म्हणून माणसं घरट्यांभोवती गर्दी करतात. आक्षेप रास्त आहे. नोंदीत गुणांची हाव शिरली की काय होतं, याची सर्वांत मोठी गोष्ट तर महाराष्ट्राशीच जोडलेली आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणाला सापडलं नव्हतं. अपवाद एकच: रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित ब्रिटिश संग्राहकाने १९१४ मध्ये गुजरातेत तो मिळवल्याचा दावा केला होता, आणि पुढच्या शोधकांनी त्या ठिकाणावर विसंबून वेळ घालवला. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने तपासले तेव्हा उघड झालं, की तो नमुना ब्रिटिश संग्रहातून उचलून, पुन्हा शिवून, खोट्या चिठ्ठीनिशी मांडलेला होता. नावासाठी केलेल्या एका खोट्या नोंदीने कित्येक दशकं शोध भलत्या दिशेला नेला. म्हणून गुणांच्या यादीवर बहिष्कार घालायची गरज नाही. मात्र नोंद आणि गुण यांत ओढाताण झाली तर कुणाला माघार घ्यायला लावायची, हे आधीच ठरलेलं असावं लागतं. दुर्मीळ आणि संवेदनशील जातींचं नेमकं ठिकाण ई-बर्ड आणि आयनॅचरलिस्ट लपवतात, ते याच समजुतीने.

दुसरा आक्षेप बुद्धिबळवाले घेतील: आमच्याकडे आकडाच सगळं काही आहे, आणि त्याने आमचं भलंच केलंय. हेही खरं आहे. अर्पाड इलो यांच्या पद्धतीने ठरणारं रेटिंग फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारलं, आणि त्यामुळे आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी शोधणं सोपं झालं. बरोबरीच्या माणसाशी खेळल्याशिवाय खेळ सुधारत नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. तेव्हापासून अनेक घरांतल्या फोनवर बुद्धिबळ उतरलं असेल, तर त्यात वाईट काही नाही. पण बुद्धिबळात आकड्याच्या आधीपासून एक नोंद आहे. मोठ्या वेळेच्या स्पर्धेत प्रत्येक चाल खेळाडूने स्वतः कागदावर लिहायची असते. रेटिंग सांगतं की डाव हरला. तो कागद सांगतो की एकविसाव्या चालीला घोडा चुकीच्या घरात गेला. शिकवणारे त्या कागदावरच बोट ठेवतात. फोनवरही प्रत्येक डाव चालींसकट साठवलेला असतो. हरल्यावर बोट ‘पुढचा डाव’कडे वळतं की त्या चालींकडे, यावर खेळणाऱ्याचा छंद कोणत्या जातीचा ते ठरतं.

तिसरा आक्षेप सर्वांत तगडा आहे. छंदाला उपयोगाचं जोखड कशाला? निरुपयोगी असणं हीच तर त्याची मजा. पक्षी मोजून शास्त्राची सेवा करायची, गड चढून इतिहासाची, तर कचेरीत आणि टेकडीवर फरक तो काय राहिला? यात तथ्य आहे, पण नोंद म्हणजे उपयोग हे समीकरण बरोबर नाही. केळकर पहिला दिवा घरी आणत असताना संग्रहालयाचा आराखडा काढून बसले नव्हते. नोंद ही आधी लक्ष देण्याची रीत असते. दुसऱ्या कुणाच्या ती कामी आली तर तो वरकड नफा. गडांवर हा फरक डोळ्यांना दिसतो. ११ जुलै २०२५ ला मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले; त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यांच्यावर जाणाऱ्यांत दोन तऱ्हा आहेत. एकाच्या रीलमध्ये किल्ला पाठीमागे असतो, त्यामुळे कुठलाही चालतो, आणि पावसाळ्यात सगळी गर्दी त्याच चार-दोन धबधब्यांवर लोटते. मग प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागतात. दुसरा टाक्यात पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं, चोर दरवाजाची वाट कुठे ढासळली, कुठल्या पायरीवर अक्षरं आहेत ते टिपतो. गो. नी. दांडेकर किंवा प्र. के. घाणेकर वाचून डोंगरात गेलेल्यांना ही तऱ्हा नवी नाही. दोघांचेही पाय सारखेच दुखतात. पण दुसऱ्याला तोच गड पाचव्यांदा चढण्यात रस उरतो, कारण त्याचं लक्ष गडावर असतं. पहिल्याला मात्र दर रविवारी नवा गड लागतो.

तेव्हा ॲप काढून टाकण्याने काही साधणार नाही आणि आकड्यांना शिव्या देण्यानेही नाही. येत्या फेब्रुवारीत अंगणातले पक्षी मोजण्याचा चार दिवसांचा जागतिक उपक्रम पुन्हा येईल. भारतीय त्यात २०१३ पासून भाग घेतात. पंधरा मिनिटं गॅलरीत उभं राहायचं आणि दिसेल ते लिहायचं. बहुतेकांची यादी कावळा, कबुतर, साळुंकी, घार इथेच आटपेल. तिला लाइक मिळणार नाहीत आणि क्रमवारीत ती कुठे दिसणारही नाही. अशा नीरस नोंदीचं काय होऊ शकतं, त्याचं उत्तर रानपिंगळ्याच्या गोष्टीच्या शेवटी आहे. खोटी नोंद बाजूला सारल्यावर रासमुसेन आणि त्यांचे सहकारी बेन किंग व डेव्हिड ॲबट यांच्या हाती उरल्या फक्त एकोणिसाव्या शतकातल्या खऱ्या चिठ्ठ्या. त्यांत जेम्स डेव्हिडसन या सरकारी अधिकाऱ्याने फावल्या वेळात खानदेशात जमवलेल्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या होत्या. त्यांवर जागा होती आणि तारीख होती. त्या धरून शोध घेत हे तिघं नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात पोचले, आणि ११३ वर्षांनी रानपिंगळा समोरच्या निष्पर्ण झाडावर दिवसाढवळ्या बसलेला होता.