पट्टी काढण्याचा रंधा आणि शाळेच्या खिडकीचा पडदा

चैत्र पौर्णिमेच्या सुमारास सप्तशृंगीच्या यात्रेकरूंनी वणीचा रस्ता फुलून जातो. त्याच दिवसांत आपल्या शाळांतून एक अडचण हमखास ऐकू येते. सकाळची शाळा भरते आणि पूर्वेच्या खिडकीतून ऊन थेट फळ्यावर व मुलांच्या तोंडावर येते. अक्षरे चकाकीने दिसेनाशी होतात. खिडकीलगतची मुले सरकून दाटीने बसतात. अखेर खिडकी मिटून घ्यावी लागते आणि उन्हाबरोबर वाराही बाहेर राहतो. ह्यावरचा जुना व स्वस्त उपाय म्हणजे पातळ पट्ट्या सुतळीने गुंफून केलेला चिकाचा पडदा. ऊन अडते, वारा खेळतो. हा पडदा शाळेतच तयार करता येईल काय, आणि त्यापासून मुलांना काय शिकवता येईल, ह्याचा विचार येथे केला आहे.

पडदा कोणत्या खिडकीस हवा, हे आधी ठरवावे. वणी सुमारे २०.३ उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून २१ मेच्या आसपास मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो आणि दुपारचे ऊन खिडकीतून फारसे आत येत नाही. त्रास होतो तो पूर्वेकडून सकाळी व पश्चिमेकडून दुपार उतरल्यावर. तेव्हा पडदे ह्या दोन दिशांनाच लावावेत. ते शक्यतो खिडकीबाहेर टांगावेत. कारण आत टांगलेला पडदा तापला म्हणजे ती उष्णता खोलीतच राहते.

आता पट्ट्या कशा काढावयाच्या? सुताराचा रंधा सर्वांच्या परिचयाचा आहे. लाकडी ठोकळ्यात तिरके बसवलेले पाते पाचरीने घट्ट केलेले असते व त्याची धार तळाच्या फटीतून किंचित बाहेर डोकावते. रंधा फळीवरून लोटला म्हणजे जेवढी धार बाहेर असेल तेवढ्या जाडीची ढलपी निघते. सुताराला गुळगुळीत फळी हवी असते. ढलपी त्याच्या दृष्टीने टाकाऊ. पट्टी काढण्याच्या रंध्यात हा हिशेब उलटा होतो. तेथे ढलपी हाच माल आणि फळी हा केवळ कच्चा पदार्थ. एकोणिसाव्या शतकात मध्य युरोपात आगकाड्यांसाठी लागणाऱ्या बारीक काड्या अशाच हाताच्या रंध्याने काढीत असत. त्या रंध्याच्या पात्याला नळीसारख्या धारदार भोकांची रांग असे आणि एका फेरीत अनेक काड्या निघत.

ढलपी हाच माल म्हटल्यावर रंध्याची रचनाही बदलावी लागते. नेहमीच्या रंध्यात पाते सुमारे ४५ अंशांनी उभे असते व बहुधा त्यावर दुसरी लोखंडी पट्टी बसवलेली असते. ती ढलपीला लगेच वाकवते व मोडते, म्हणून फळी ओरबाडली जात नाही. आपल्याला मात्र ढलपी अखंड व सरळ हवी. त्याकरिता पाते एकेरी असावे, ते अधिक आडवे बसवलेले असावे, आणि फट इतकी मोकळी असावी की जाड ढलपी न अडकता बाहेर पडेल. पात्याची धार उत्तम हवी. बोथट पाते लाकूड कापत नाही, फाडते.

लाकडाची निवडही तितकीच महत्त्वाची. ते सरळ तंतूंचे, बिनगाठीचे व ओलसर असावे. सावरीसारखे मऊ लाकूड ह्या कामाला सोयीचे. मी पाहिलेल्या एका शाळेत शिक्षकांनी मोठ्या हौसेने वाळलेल्या सागाच्या फळीवर साधा रंधा चालवला. निघालेल्या ढलप्या घड्याळाच्या कमानीसारख्या गुंडाळल्या गेल्या आणि उलगडताच तुटल्या. दोष हाताचा नव्हता. लाकूड कोरडे होते, पात्यावर दुसरी पट्टी होती आणि पाते उभे होते. तीन कारणे एकत्र आल्यावर दुसरे काय होणार? मुलांनी मात्र त्या दिवशी एक चांगला प्रश्न विचारला होता : “ढलपी नेहमी वरच्याच बाजूला का वळते?” तिची पात्याकडची बाजू दाबली जाते व ताणली जाते, वरची बाजू आखडते, म्हणून ती वर वळते. हा पाठ पुस्तकातून इतका सहज शिकवता आला नसता.

रंध्याचे खरे महत्त्व गणिताने पटते. खिडकी ९० सेंटिमीटर रुंद व १२० सेंटिमीटर उंच आहे असे समजू. पट्टी १० मिलिमीटर रुंद व दोन पट्ट्यांमध्ये सुतळीसाठी २ मिलिमीटर जागा धरली, तर एका पट्टीस १२ मिलिमीटर लागतात. म्हणजे १०० पट्ट्या हव्यात. पट्टीची जाडी १ मिलिमीटर असावी. ह्या पट्ट्या करवतीने कापल्या आणि करवतीची चीर २ मिलिमीटर धरली, तर प्रत्येक पट्टीला ३ मिलिमीटर लाकूड खर्ची पडते. १०० पट्ट्यांना ३०० मिलिमीटर. तीन भागांतील दोन भाग भुसा होऊन उडून गेले! रंध्याला चीर नाही. १० मिलिमीटर जाडीची फळी कडेवर उभी धरून रंधा लोटला, तर १०० पट्ट्यांना १०० मिलिमीटरच लाकूड लागते. शेवटी फळी पकडण्यापुरता जो तुकडा उरतो, तेवढाच काय तो वाया. पाचवी-सहावीच्या मुलांना गुणोत्तराचे ह्याहून जिवंत उदाहरण कोणते द्यावे?

तथापि आपल्या भागात ह्या कामासाठी लाकडापेक्षा बांबू जवळचा आहे. सुरगाणा, पेठ व कळवणच्या डोंगराळ पट्ट्यात मानवेल मिळते, आणि चिकाचे पडदे पूर्वापार बुरूड कारागीर बांबूचेच करीत आले आहेत. बांबूवर रंधा नीट चालत नाही. त्याच्या सालीत वाळूच्या जातीचे द्रव्य असते, त्याने धार लवकर मरते. शिवाय प्रत्येक पेऱ्याच्या गाठीवर पाते अडते. म्हणून बुरूड बांबू कापीत नाही, तो फाडतो. कोयता टोकाशी रोवून बांबूचे दोन, दोनाचे चार असे भाग करीत जातो. फाड एका बाजूला सरकू लागली की तो जाड बाजू अधिक वाकवतो आणि फाड पुन्हा मध्यावर येते. रंध्यात जाडी पाते ठरवते. फाडण्यात तंतू वाट दाखवतात व हात त्यांना वळण देतो. दोन्ही रीतींत हेतू एकच, सारख्या जाडीची पट्टी अल्प नासाडीत मिळवणे. एकीत अचूकपणा हत्यारात साठवलेला आहे, दुसरीत कारागिराच्या बोटांत.

हा भेद शिक्षकांनी वर्गात अवश्य मांडावा. कारण त्या बोटांचा धनी पुष्कळदा आपल्याच शाळेतील एखाद्या मुलाचा बाप असतो. ते मूल वर्गात मागे बसते, आणि घरचे काम सांगावयास लाजते. त्याला पिढीजात धंद्यास बांधून ठेवावे, असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. त्याने हवे ते शिकावे व हवे ते व्हावे. परंतु त्याच्या घरचे ज्ञान हे ज्ञान आहे, त्यात भूमिती आहे, पदार्थविज्ञान आहे, हे त्याच्या देखत साऱ्या वर्गाने मान्य करावे. एका मुलाकडे बोट न दाखवता कारागिरालाच पाहुणा म्हणून सन्मानाने बोलवावे, त्याच्या वेळेचा मोबदला द्यावा, आणि काम सर्व मुलांनी करावे. १९३७ साली वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगातून शिक्षणाचा जो विचार मांडला, त्याचे मर्म हेच होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालवता यावेत, अशी शिफारस आहे.

प्रत्यक्ष कामाच्या वेळी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात. कोयता व रंध्याचे पाते मोठ्यांच्याच हाती असावे. मुलांनी मोजमाप, पट्ट्या घासणे, जाडीप्रमाणे निवडणे व सुतळीने गुंफणे ही कामे करावीत. बांबूच्या कडा सुरीसारख्या लागतात, म्हणून घासल्यावाचून पट्टी मुलांच्या हाती देऊ नये. बांबू तीन वर्षांचा, पावसाळा सरल्यावर तोडलेला घ्यावा; फाडण्यापूर्वी काही दिवस पाण्यात बुडवून ठेवल्यास त्यातील पिठूळ अंश कमी होतो व कीड लागण्याचे भय घटते. २०१७ सालच्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू भारतीय वन अधिनियमातील ‘वृक्ष’ ह्या व्याख्येतून वगळला आहे. बांधावरचा बांबू मालकाच्या संमतीने घेता येईल. जंगलातील बांबूस मात्र वनखात्याचे नियम लागू आहेत, हे विसरू नये.

पहिला पडदा वाकडातिकडा होईल. तो तसाच टांगावा. पूर्वेच्या खिडकीतील ऊन अडले, फळ्यावरील अक्षरे शेवटच्या रांगेतून दिसू लागली आणि खिडकीलगतचे मूल आपल्या जागी स्वस्थ बसले, म्हणजे श्रम सार्थकी लागले असे समजावे.