कण मोजणारं यंत्र बरोबर मोजतंय, हे कसं कळतं?

दुकानातला तराजू वेळोवेळी तपासून घ्यावा लागतो. पण अणूहून लहान कणांची ऊर्जा मोजणारं यंत्र तपासायला वजनमाप कुठून आणायचं? ते आकाशातून येतं!

अंतराळातून येणारे वैश्विक किरण वातावरणावर आदळले की म्युऑन तयार होतात. जमिनीवर दर चौरस सेंटीमीटरला मिनिटाला साधारण एक म्युऑन पोहोचतो. ठरावीक जाडीच्या पदार्थातून जाताना बहुतेक म्युऑन सरासरी जवळपास सारखीच ऊर्जा गमावतात. म्हणून त्यांचा सरासरी सिग्नलही महिनोन्‌महिने सारखाच यायला हवा. तो घटू लागला, तर म्युऑन नव्हे, यंत्र बदललेलं असतं. सेन्सर जुना झालेला असतो किंवा तापमान बदललेलं असतं. ही चूक सुटली, तर पुढची सगळी मोजमापं चुकतात.

सप्टेंबर २००८ मध्ये ‘सर्न’चा लार्ज हॅड्रॉन कोलायडर सुरू झाल्यावर नऊ दिवसांतच बिघाड होऊन बंद पडला. म्युऑन मात्र येतच होते. जमिनीखाली सुमारे १०० मीटरवर असलेल्या ‘सीएमएस’ या यंत्राने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वैश्विक किरणांच्या २७ कोटी नोंदी घेऊन स्वतःची तपासणी करून घेतली. २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन सापडला, तेव्हा तो टिपणाऱ्या दोन यंत्रांपैकी एक हेच होतं.