कीटकभय

कीटकभय म्हणजे कीटकांविषयी वाटणारी तीव्र, अवाजवी आणि टिकून राहणारी भीती. मानसोपचारशास्त्रात तिची गणना विशिष्ट भयगंडांच्या ‘प्राणी’ या प्रकारात होते. व्यवहारात कोळी आणि गोम यांची भीतीही यातच धरली जाते. प्राणिशास्त्रदृष्ट्या मात्र ते कीटक नव्हेत. कीटकाला सहा पाय असतात, कोळ्याला आठ.

स्वरूप

झुरळ दिसताच दचकणे हा विकार नव्हे. भीतीमुळे दैनंदिन व्यवहार अडू लागले आणि ही स्थिती साधारणतः ६ महिने वा अधिक काळ टिकली, तरच असे निदान केले जाते. तहान लागूनही रात्री स्वयंपाकघरात न जाणे, न्हाणीघरात शिरण्यापूर्वी दुसऱ्याला पाहून यायला सांगणे, पावसाळ्यात दिव्याभोवती किडे जमतात म्हणून तिन्हीसांजेपासून खिडक्या लावून घेणे, अशी त्याची रूपे असतात. आपली भीती अवाजवी आहे हे प्रौढ व्यक्तीला बहुधा ठाऊक असते. त्यामुळे ‘एवढेसे झुरळ काय करणार?’ हा युक्तिवाद निरुपयोगी ठरतो.

गांधीलमाशीच्या दंशाची तीव्र ॲलर्जी असणाऱ्याने बाळगलेली सावधगिरी हे कीटकभय नव्हे. त्वचेखाली किडे वळवळत असल्याची पक्की पण खोटी समजूत हाही निराळा विकार आहे.

कारणे

एखादा दंश, वडीलधाऱ्यांची किंकाळी किंवा ऐकीव गोष्टी यांतून ही भीती रुजू शकते. झुरळाच्या बाबतीत भीतीपेक्षा किळस अनेकदा प्रबळ असते. ती सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही, कारण गटारातून अन्नापर्यंत फिरणारे झुरळ रोगजंतू वाहून नेऊ शकते. परंतु ‘अंगावर धावून आले’ असे वाटणारे झुरळ वस्तुतः लपण्यासाठी फट शोधत असते. त्याच्या शरीराच्या मागील टोकाशी असलेले दोन लहान अवयव हवेची किंचित हालचालही टिपतात, आणि ते पळू लागते.

भीती टिकते ती मुख्यतः टाळाटाळीमुळे. पळून गेल्यावर तत्काळ हायसे वाटते. पळालो म्हणून वाचलो, असा समज त्यातून दृढ होतो. न पळता थांबलो असतो तर काय झाले असते, हे कळण्याची संधीच मिळत नाही.

उपचार

मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रीने १९२४ मध्ये पीटर नावाच्या बालकाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याला सशाची भीती वाटे. तो आवडीचा खाऊ खात असताना ससा थोडाथोडा जवळ आणला गेला आणि भीती ओसरली. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये या दिशेची पद्धतशीर उपचारपद्धती मांडली. स्वीडनच्या लार्स-योरान ऊस्त यांनी १९८९ मध्ये सुमारे ३ तासांच्या एकाच बैठकीची पद्धत वर्णिली. २००५ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी संगणकनिर्मित झुरळे रुग्णाच्या प्रत्यक्ष परिसरात दाखवून उपचाराचा प्रयोग प्रसिद्ध केला.

या उपचारात प्रथम चित्र, मग बंद बरणीतील मेलेले झुरळ, नंतर जिवंत झुरळ, पुढे तेच उघड्यावर, असा क्रम ठेवता येतो. प्रत्येक पायरीवर भीती उतरेपर्यंत थांबणे आवश्यक असते. मध्येच माघार घेतल्यास पूर्वीचाच समज बळावतो. पुढची पायरी केव्हा चढायची हे रुग्णाच्या संमतीनेच ठरते. ‘भीड चेपावी’ म्हणून मुलाच्या अंगावर झुरळ टाकण्याचा घरगुती उपाय नेमका येथेच चुकतो: त्यात मुलाच्या हाती काहीच उरत नाही आणि भीती वाढण्याचा संभव असतो.