जुन्या बगॅसची धूळ : कामगारांच्या फुप्फुसास धोका

ऊस उत्पादक बंधूंनो, ऊस कारखान्याच्या काट्यावर गेला की आपले लक्ष टनेज, उतारा व दर याकडे असते. परंतु त्याच उसाचे बगॅस हाताळणारा कामगार बहुधा आपल्याच गावचा, कधी आपल्याच घरातला असतो. त्याला होणाऱ्या बगॅसोसिस या रोगाची माहिती आपणांस असणे आवश्यक आहे.

रोग कशामुळे होतो?

एक टन उसापासून सुमारे २८० ते ३०० किलो बगॅस मिळते. त्यात जवळजवळ ५० टक्के ओलावा व थोडी साखर असते. बरेचसे बगॅस बॉयलरमध्ये ताजेच जळते. त्यापासून हा रोग होत नाही. उरलेले बगॅस ढिगात किंवा गठ्ठ्यांत साठविले की आतून तापते व त्यात उष्णता मानवणारे सूक्ष्म जीवाणू वाढतात. पुढे वाळलेले गठ्ठे फोडताना त्यांचे बीजाणू धुळीबरोबर फुप्फुसात खोलवर जातात आणि फुप्फुसास सूज येते. भारतात हा रोग प्रथम १९५५ मध्ये कलकत्त्याजवळील पुठ्ठ्याच्या कारखान्यात नोंदला गेला.

लक्षणे

धुळीत काम केल्यावर ४ ते ८ तासांनी थंडी वाजून ताप येतो, कोरडा खोकला व धाप लागते. त्रास घरी आल्यावर सुरू होत असल्याने धुळीचा संशय येत नाही. हिवताप किंवा क्षय समजून औषधे घेतली जातात. सुटीत बरे वाटणे व कामावर जाताच पुन्हा त्रास होणे, ही महत्त्वाची खूण होय. दुर्लक्ष केल्यास फुप्फुस कायमचे ताठर होते. ते पूर्ववत होत नाही.

प्रतिबंधक उपाय

१. साठवणुकीच्या बगॅसमधील ओलावा २० टक्क्यांच्या वर ठेवावा. त्यावर २ टक्के प्रोपिऑनिक आम्ल फवारावे.
२. जुने गठ्ठे फोडण्यापूर्वी पाणी शिंपडावे.
३. बंदिस्त जागेत धूळ ओढून घेणारे पंखे बसवावेत.
४. तोंडाला उपरणे बांधणे पुरेसे नाही. एन-९५ सारखी बारीक धूळ अडविणारी मुखपट्टी वापरावी.
५. कामावर घेताना व त्यानंतर दरवर्षी छातीची तपासणी करावी.

लक्षणे दिसताच डॉक्टरांना कामाचे स्वरूप आवर्जून सांगावे. हा रोग भरपाईस पात्र व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे, म्हणून तपासणीचे कागद जपून ठेवावेत. गोठ्यात पसरण्यासाठी कुबट वासाचे जुने बगॅस आणत असाल, तर हीच काळजी घरीही घ्यावी.

आपण सहकारी साखर कारखान्याचे सभासद असाल, तर वार्षिक सभेत उसाच्या दराबरोबर बगॅस यार्डातील मुखपट्ट्या व कामगारांच्या तपासणीबद्दलही जरूर विचारा.